अँडीजची कोरडी बाजू नेमकी कुठली, पूर्व की पश्चिम?

दमाणीनगरकर

मंडळी, प्रश्न शाळकरी वाटेल, पण घरात त्यावरून रोज वाद चाललाय. पुतणी दहावीला आहे. राज्य मंडळाच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवलेत. दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत ब्राझीलच्या हद्दीत येतच नाही, त्यामुळे पुस्तक त्याच्या फारसं वाटेला जात नाही. पुतणी मात्र जाते.

आपण सोलापूरचे, पर्जन्यछाया म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला धो धो, पाठीमागे ठणठणाट. हाच हिशोब अँडीजला लावला तर पॅसिफिककडची बाजू ओली आणि अर्जेंटिनाकडची कोरडी निघायला हवी. अ‍ॅटलासमध्ये खाली पॅटागोनियात बघितलं तर तसंच आहे. पण बोट वर सरकवलं की अटाकामा! तेही थेट समुद्राला लागून, पश्चिमेलाच. आणि त्याच्या पाठीमागच्या अंगाला अ‍ॅमेझॉनचं जंगल. रांग एकच, मग कोरडी बाजू मध्येच कशी बदलते?

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. ही रांग व्हेनेझुएला, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना अशा सात देशांतून जाते. एवढ्या उंचावर, बर्फात, यांनी हद्दी ठरवल्या कशा?

जाणकारांनी लिहावं.

होटगी_रोड

वाचतोय. आमच्या वेळी "अँडीज हा वली पर्वत आहे" एवढं एक वाक्य होतं. दोन मार्क मिळाले की संपला अँडीज.

भूगोलवाले_सर

दमाणीनगरकर, पुतणीला माझ्याकडून शाबासकी सांगा. कॉलेजात शिकवत होतो तेव्हा हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वाट बघायचो.

कुठली बाजू कोरडी राहणार हे वारा ठरवतो. आपल्याकडे पावसाचा मुख्य वारा एकच, नैऋत्य मोसमी. तो पश्चिमेकडून येतो, म्हणून आपला हिशोब कायमचा पाठ होऊन बसलाय. अँडीज सुमारे ७००० किमी उभा पसरलाय, विषुववृत्ताच्या वर १० अंशांपासून खाली जवळपास ५५ अंश दक्षिणेपर्यंत. एवढ्या अंतरात वाऱ्यांचे पट्टेच बदलतात. वरून खाली येऊ.

अगदी उत्तरेला कोलंबियात डोंगराच्या तीन रांगा होतात, मधून काउका आणि माग्दालेना या नद्या वाहतात. इथे पॅसिफिक किनाऱ्यावरचा चोको भाग जगातल्या सर्वांत ओल्या प्रदेशांत मोडतो. समुद्राचं पाणी ऊबदार, वारा जमिनीकडे. पूर्वेच्या उतारांवरही पाऊस आहेच. म्हणजे इथे दोन्ही अंगं ओली.

पेरूत उतरलात की चित्र फिरतं. इथे मुख्य वारे पूर्वेकडून येतात, अटलांटिकची वाफ घेऊन. अख्खं अ‍ॅमेझॉनचं खोरं ओलांडतात आणि डोंगराच्या पूर्व उतारावर रिते होतात. पेरूत या उतारावर वर्षाला ६००० मिमीच्या वर पाऊस पडणारी गावं आहेत, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या तोलाची. पलीकडचा पॅसिफिक किनारा या वाऱ्यांच्या पाठीमागे पडतो. समुद्र समोर असूनही तो पर्जन्यछायेत, कारण वारा त्याच्या पाठीकडून येतो.

आणखी दक्षिणेला, साधारण ३५ अंशांच्या खाली, पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा लागतो. पॅसिफिकवरून सुसाटत येणारे हे वारे चिलीच्या बाजूला पाऊस आणि बर्फ ओततात. दक्षिण चिलीत काही ठिकाणी वर्षाला ४००० मिमीच्याही वर. डोंगर ओलांडून शे-दोनशे किमी पूर्वेला आलात की २०० ते ३०० मिमी. तो पॅटागोनियाचा माळ. हा भाग आपल्या सह्याद्रीसारखा.

आता मधलं बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. कोरडा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना मध्ये डोंगर तिरका ओलांडतो. उत्तर चिली आणि वायव्य अर्जेंटिनाच्या सीमेवर, २५ अंश दक्षिणेच्या आसपास, दोन्ही बाजू कोरड्या आणि माथाही कोरडा. तिथला युयाइयाको हा ज्वालामुखी ६७३९ मीटर उंच आहे, तरी त्याच्यावर म्हणावी अशी हिमनदी नाही. गारठा भरपूर, पण बर्फ व्हायला आधी ढग तर यायला हवेत. १९९९ मध्ये याच माथ्याजवळ इंका काळातल्या तीन मुलांचे देह सापडले, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे, थंड कोरड्या हवेत जसेच्या तसे राहिलेले.

तेव्हा पुतणीला सांगा, उत्तरेला दोन्ही ओल्या, मग पश्चिम कोरडी, मग दोन्ही कोरड्या, मग पूर्व कोरडी. परीक्षेत विचारलं तर अक्षांश सांगितल्याशिवाय उत्तर लिहू नकोस.

होटगी_रोड

सर, पटलं, पण एक शंका. पर्जन्यछाया झाली तरी आपल्याकडे सोलापुरात पाच-सातशे मिमी तरी पडतोच की. अटाकामात काहीच कसं नाही? आणि समुद्र तर अंगणात. नुसत्या डोंगरानं एवढं होतं व्हय?

भूगोलवाले_सर

नुसत्या डोंगरानं होत नाही. तिथे तिघं मिळून पाऊस अडवतात.

डोंगराचं झालं. दुसरा, हंबोल्टचा थंड प्रवाह. दक्षिणेकडून किनाऱ्याला घासून वर येतो, शिवाय खोलातलं गार पाणी पृष्ठभागावर येत राहतं. त्यामुळे समुद्रालगतची हवा खाली गार आणि वर गरम, म्हणजे तापमानाची विपरितता. गार हवा जड, ती वर चढतच नाही, मग ढग उंच कसे होणार? तिसरा, याच अक्षांशांवर जास्त दाबाचा पट्टा आहे, वरून हवा सतत खाली दाबली जाते.

परिणाम बघा. चिलीच्या उत्तर टोकाला आरिका नावाचं बंदर आहे. तिथे ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ असे सलग १७३ महिने पावसाचा थेंब नोंदला गेला नाही. जागतिक हवामान संघटनेच्या यादीत हा विक्रम आहे.

ढग मात्र असतात बरं का. किनाऱ्यावर सकाळी दाट धुकं चढतं, पाऊस न देणारं. चुंगुंगो नावाच्या कोळ्यांच्या गावासाठी वरच्या डोंगरावर प्लास्टिकच्या बारीक जाळ्या उभ्या केल्या होत्या, १९९२ पासून काही वर्षं गावाला त्याचं पाणी मिळालं. धुकं जाळीतून जाताना थेंब धाग्याला धरतात, ओघळतात, खालच्या पन्हाळीत पडतात आणि पाइपनं गावात येतात. पुढे देखभाल सुटली आणि गाव पुन्हा टँकरवर आलं.

कडक_भाकरी

"देखभाल सुटली आणि गाव पुन्हा टँकरवर." हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही पाणीपुरवठा योजनेच्या फायलीत चिकटवा, चपखल बसतंय.

भीमाकाठी

सर, माझं शिक्षण शेतकीचं, भूगोल अंदाजपंचे. पण नकाशा बघताना एक गोष्ट दिसली. अ‍ॅमेझॉन नदी उगवते पॅसिफिकच्या शेजारी आणि जाते पार अटलांटिकला. आपली भीमा भीमाशंकरला उगवते, तिथून अरबी समुद्र शंभर किमीच्या आत. तरी पोरगी वळसा घालून पंढरपूर करून, आमच्या शिवारावरनं कृष्णेत जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. दोन्हीकडं एकच भानगड आहे का?

भूगोलवाले_सर

भीमाकाठी, नकाशा असाच वाचायचा असतो. अ‍ॅमेझॉनचा एक मानला गेलेला उगम पेरूत मिस्मी शिखराच्या उतारावर आहे, उंची ५५९७ मीटर. तिथून पॅसिफिक दोनशे किमीच्या आत, आणि पाणी जातं ६४०० किमीच्या आसपास प्रवास करून अटलांटिकला. दोन्हीकडे डोंगर भूभागाच्या पश्चिम कडेला उभा आहे, म्हणून जलविभाजकही, म्हणजे दोन बाजूंना वाहणारं पाणी वेगळं करणारी रेषाही, पश्चिमेला सरकलाय.

घडण मात्र वेगळी. सह्याद्री म्हणजे दख्खनच्या बेसाल्ट पठाराची तुटलेली कड, आणि पठार पूर्वेला कललेलं. अँडीज मात्र अजून घडतोय. पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का भूपट्ट वर्षाला सुमारे ६ ते ७ सेंमी वेगानं दक्षिण अमेरिकेच्या खाली सरकतोय. किनाऱ्यालगत ८००० मीटर खोल गर्ता आणि तिच्या शेजारी जवळपास ७००० मीटर उंच शिखरं, असा १५ किमीचा उभा फरक काही शे किमीत. हा डोंगर उचलला जाण्याआधी त्या भागातलं पाणी पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे वाहत होतं. डोंगर आडवा आला, पायथ्याला अवाढव्य दलदली साचल्या आणि सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी पाण्यानं पूर्वेची वाट धरली.

स्पर्धापरीक्षा_सदर_बझार

सर, भूकंपाचं पण सांगा ना. आणि ज्वालामुखी सलग आहेत की तुटक? मागे एका सराव परीक्षेत प्रश्न होता.

भूगोलवाले_सर

तुटक. पेरूच्या उत्तर-मध्य भागात आणि चिली-अर्जेंटिनात २८ ते ३३ अंशांच्या दरम्यान जिवंत ज्वालामुखी नाहीत. तिथे खाली जाणारा भूपट्ट तिरका न बुडता जवळपास आडवा सरकतो, त्यामुळे वर लाव्हा तयार व्हायला लागणारी परिस्थितीच नाही. आकोंकाग्वा, ६९६१ मीटर, आशियाबाहेरचं जगातलं सर्वांत उंच शिखर, याच रिकाम्या पट्ट्यात येतं. तो जिवंत ज्वालामुखी नाही, हे लक्षात ठेवा, पर्यायांत फसवायला ठेवतात. जगातला सर्वांत उंच ज्वालामुखी ओहोस देल सालादो, ६८९३ मीटर, त्याच्या उत्तरेला चिली-अर्जेंटिना सीमेवर.

भूकंपाचं एकच सांगतो. १९९३ चा किल्लारीचा भूकंप इथल्या माझ्या वयाच्या प्रत्येकाला आठवतो, पहाटे सगळं सोलापूर रस्त्यावर होतं. तो ६.२ क्षमतेचा. चिलीत वाल्दिव्हियाजवळ २२ मे १९६० ला झाला तो ९.५, उपकरणांवर नोंदलेला आजवरचा सर्वांत मोठा. ऊर्जेच्या हिशोबात किल्लारीच्या सुमारे ९० हजार पट. त्याच्या त्सुनामीनं पॅसिफिक ओलांडून हवाई आणि जपानमध्ये माणसं मारली.

रानवाटा

आकोंकाग्वाचा विषय निघालाच आहे तर. आमच्या ग्रुपमधली काही मंडळी त्याची स्वप्नं बघतात. नेहमीच्या वाटेला दोर-खिळ्यांची कलाकारी लागत नाही, म्हणून "चालत जाता येतं" असं पसरलंय. कळसूबाई १६४६ मीटर, इथला बेस कॅम्पच ४३०० च्या आसपास. विरळ हवा आणि वारा, या दोन गोष्टी तिथे माणूस खाली उतरवतात. हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, कारण तिथला उन्हाळा तो. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ म्हणणाऱ्यांनी आधी ग्लोब बघावा.

आणि जाता जाता, एव्हरेस्टपेक्षा "उंच" शिखर अँडीजमध्ये आहे हे माहिती आहे का?

होटगी_रोड

काय बे, सकाळी सकाळी? ६९६१ कुठं आणि ८८४८ कुठं.

रानवाटा

समुद्रसपाटीपासून मोजलं तर तुझं बरोबर. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर इक्वेडोरचं चिंबोराझो. उंची ६२६३ मीटरच, पण ते विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे आणि पृथ्वी तिथे फुगीर आहे. ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा विषुववृत्ताची त्रिज्या २१ किमीनं जास्त. त्यामुळे चिंबोराझोचा माथा केंद्रापासून एव्हरेस्टपेक्षा सुमारे २ किमी लांब पडतो. १८०२ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हंबोल्ट तिथे चढायला गेला होता, माथ्याला पोचला नाही, पण चढताना कुठल्या उंचीवर कुठली झाडं आहेत याची नोंद करत गेला. तळाला केळी आणि माथ्याला बर्फ, मधल्या उंचीवर एकावर एक झाडांचे पट्टे. उभ्या डोंगरात हवामान कसं बदलतं ते दाखवणारं त्याचं चित्र त्यातूनच झालं.

बँकर_लावा

रेल्वेतून निवृत्त आहे, त्यामुळे माझा प्रतिसाद रुळांवरूनच येणार.

पेरूची मध्य रेल्वे बघा. लिमा समुद्रकाठी. तिथून निघालेली गाडी पावणेदोनशे किमीच्या आत ४७८० मीटरवर गालेराच्या बोगद्यात जाते. २००६ मध्ये तिबेटची लाइन सुरू होईपर्यंत जगात याहून उंच प्रवासी रेल्वे नव्हती. एकोणिसाव्या शतकातलं काम, सुरुंग आणि हातांचं. रक्ताचं पाणी म्हणतात ते शब्दशः, साथीच्या तापानं आणि अपघातांनी माणसं गेली.

दरी इतकी अरुंद की रुळाला वळायला जागा नाही. मग काय केलं? झिगझॅग. गाडी सरळ कड्यापर्यंत जाते, थांबते, मागचा सांधा बदलतो, आणि गाडी उलटी, शेपटीकडून, वरच्या रुळावर चढते. पुढच्या टोकाला पुन्हा तेच. हे वाचल्यावर मला खंडाळा आठवला. आपल्या बोरघाटात १८६३ पासून असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, १९२९ ला नवी आखणी झाली तेव्हा ते गेलं. पेरूत मात्र झिगझॅग आजही वापरात आहेत. आपल्याकडे कर्जतला मागं बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागली की १ ला ३७ चा चढ चढवतात आणि पब्लिक वडापाव खातं. तिथे प्रवासी गाडीत ऑक्सिजन घेऊन परिचारिका असायची.

कडक_भाकरी

जरा अवांतर. भुईमूग मूळचा कुठला माहितीये का? दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिना, अँडीजचा पूर्व पायथा. दोन रानटी जातींचा संकर होऊन तिथेच कधीतरी हा झाला, आणि पोर्तुगीज काळात समुद्रमार्गे फिरला. म्हणजे आपली शेंगा चटणी, उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली, तिच्यातल्या शेंगा अँडीजच्या, तिखटाचं घराणंही त्याच खंडातलं. आपला फक्त लसूण, जिरं आणि मनगट.

बँकर_लावा

मनगट आता कुठं राहिलं, मिक्सर आला. मिक्सरची चटणी भुकटी होते, तेल सोडत नाही.

स्पर्धापरीक्षा_सदर_बझार

धागा भरकटूलालाय. बटाट्याचं पण अँडीजच ना? तेवढं सांगून मुद्द्यावर येऊ.

कडक_भाकरी

बटाटा तितिकाका सरोवराच्या आसपासचा. ३८१२ मीटरवरचं सरोवर, अर्धं पेरूत अर्धं बोलिव्हियात. तिथले शेतकरी बटाटा टिकवतात कसा, ते ऐक. कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा ऊन पडलं की ते मऊ पडतात, मग पायानं तुडवून पाणी काढतात. पुन्हा रात्र, पुन्हा ऊन. असं काही दिवस केलं की दगडासारखा कडक पण हलका सुका बटाटा उरतो, तो वर्षानुवर्षं टिकतो. शीतगृहाचं भाडं नाही, विजेचं बिल नाही. ४००० मीटरवर दिवसा कडक ऊन आणि रात्री शून्याखाली, म्हणूनच जमतं. उगाच इथं गच्चीवर करून बघू नका.

कोर्ट_कचेरी

मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न कुणी घेतला नाही, मी घेतो. पेशानं वकील, जमिनीचे दावे चालवतो, त्यामुळे चिली-अर्जेंटिनाचं प्रकरण मला फार जवळचं. बांधाचा दावाच आहे तो, फक्त बांध ५३०० किमीचा.

१८८१ मध्ये दोन्ही देशांनी करार केला. कलम असं की सीमा "पाणी विभागणाऱ्या सर्वांत उंच शिखरांवरून" जाईल. कागदावर गोंडस वाटतं. उत्तरेकडे अडचण आली नाही, कारण तिथे उंच शिखरं आणि जलविभाजक एकाच रेषेत आहेत. पॅटागोनियात मात्र दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी निघाले. हिमयुगातल्या हिमनद्यांनी पूर्वेच्या मैदानात दगडमातीचे ढिगारे आणून टाकले होते, त्यामुळे पाण्याची विभागणी डोंगराच्या कितीतरी पूर्वेला, माळावर होऊ लागली. पाणी पूर्वेकडच्या तळ्यांत साचतं आणि तिथून डोंगर फोडून पॅसिफिकला जातं. मग दोन वकील, दोन अर्थ. चिली म्हणे "पाणी विभागणाऱ्या", म्हणजे जलविभाजक हीच हद्द. अर्जेंटिना म्हणे "सर्वांत उंच शिखरं", म्हणजे डोंगरमाथा. कुठलंही एक वाचन धरलं तर हजारो चौरस किमी इकडचे तिकडे.

अर्जेंटिनाचा तज्ज्ञ होता फ्रान्सिस्को मोरेनो. हा माणूस मला अशील म्हणून हवा होता. १८९८ मध्ये त्यानं काय केलं? फेनिक्स नावाची एक लहान नदी होती, पूर्वी अटलांटिककडे जाणारी, पण नंतर पॅसिफिकच्या पाणलोटात वळलेली. मोरेनोनं थोडे मजूर लावले, चर खणला आणि नदी आठवड्याभरात पुन्हा अटलांटिककडे वळवली. म्हणणं सरळ. जो जलविभाजक चार कुदळींनी बदलतो, त्यावर राष्ट्रांची सीमा कशी ठेवता? साक्षीदार फिरतात ते पाहिलंय, मुद्देमालाची नदीच फिरवलेली दुसरीकडे कुठे वाचली नाही.

शेवटी प्रकरण ब्रिटिश राजाकडे लवादासाठी गेलं. पाहणीला कोण आला? थॉमस होल्डिच. हा आपल्या इकडचा, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीचं सर्वेक्षण करणारा अधिकारी, १८९५ च्या पामीर सीमा आयोगावरही होता. हिंदुकुशात मोजमाप करून हात बसलेला माणूस अँडीजमध्ये गेला. १९०२ मध्ये तो फिरत असताना एका खोऱ्यात वेल्सहून येऊन वसलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र जमून आम्हाला अर्जेंटिनातच राहायचं असं सांगितलं. वहिवाट कामाला आली म्हणायची. निकालात ना पूर्ण शिखरं धरली ना पूर्ण जलविभाजक, मधून रेषा काढली. म्हणून आजही काही तळ्यांच्या मधोमध सीमा जाते आणि एकाच तळ्याला दोन देशांत दोन नावं आहेत. चिलीत खेनेराल कारेरा, अर्जेंटिनात बुएनोस आइरेस.

१९०४ मध्ये दोघांनी मिळून ३८०० मीटरवरच्या खिंडीत ख्रिस्ताचा पुतळा उभारला, तंटा मिटल्याची खूण म्हणून. तंटा पूर्ण मिटला मात्र नाही. दक्षिणेच्या मोठ्या हिमक्षेत्रात फिट्झ रॉय शिखराच्या दक्षिणेला एका तुकड्यात सीमा अजून जमिनीवर आखलेली नाही. १९९८ च्या करारात ते काम पुढे ढकललं. तारीख पे तारीख.

दमाणीनगरकर

वकीलसाहेब, जबरदस्त. बोलिव्हियाचं काय? त्याला समुद्रच नाही ना?

कोर्ट_कचेरी

होता. १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात चिलीकडे गेला, १९०४ च्या तहात शिक्कामोर्तब झालं. बोलिव्हियानं आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन बघितलं, २०१८ मध्ये निकाल लागला की वाटाघाटीला बसण्याचं बंधन चिलीवर नाही. नौदल मात्र ठेवलंय, तितिकाकात. अपील नसलेला दावा, पण अशील हार मानत नाही.

भीमाकाठी

मला एल निनोचं विचारायचंय. बातम्यांत आलं की आमच्याकडं दुकानदार बियाणं उधार द्यायला कां-कूं करतात. समुद्र तापतो पेरूजवळ, वाळतो आमचा माळ. हे जोडलेलं आहे कसं?

भूगोलवाले_सर

एरवी पूर्वेकडचे वारे पॅसिफिकचं वरचं ऊबदार पाणी इंडोनेशियाकडे ढकलत राहतात, आणि पेरूच्या किनाऱ्याशी खोलातलं गार पाणी वर येतं. मासळी त्यावरच जगते. काही वर्षी हे वारे ढिले पडतात, ऊबदार पाणी मागे सरकतं. मग ढग आणि पाऊसही त्याच्या मागे पूर्वेकडे जातात. पेरूच्या ज्या वाळवंटी किनाऱ्यावर छत्री विकत मिळत नाही तिथे पूर येतात. १९८२-८३ आणि १९९७-९८ ला तसे आले. हवा तिकडे वर चढली की इकडे आपल्या बाजूला ती खाली दबते, मोसमी पाऊस मार खातो. २०१५ ला देशाचा पाऊस सरासरीच्या ८६ टक्के झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात उजनी धरणाची पातळी वजामध्ये गेली ते तुम्ही बघितलंच आहे.

पण १९९७ चा एल निनो त्याहून कमी नव्हता, आणि त्या वर्षी देशात १०२ टक्के पाऊस झाला. हिंद महासागराचं स्वतःचं तापमान मधे हात घालतं. २०१९ ला हिंद महासागराची बाजू आपल्याला फळली होती, ११० टक्के.

भीमाकाठी

म्हणजे दुकानदाराला उत्तर द्यायला सोपं झालं. आता शेवटचं. त्या कोरड्या किनाऱ्यावर लिमा एवढं मोठं शहर, माणसं पितात काय?

भूगोलवाले_सर

सुमारे एक कोटींचं शहर, पाऊस वर्षाला काही मिमी. पाणी येतं अँडीजमधून, रिमाक आणि तिच्या शेजारच्या नद्यांनी. ते पुरेना, म्हणून डोंगराच्या पलीकडच्या मांतारो खोऱ्यातलं पाणी, जे एरवी अ‍ॅमेझॉनमधून अटलांटिकला गेलं असतं, बोगद्यानं अलीकडे आणलं. उलट बाजूनं बघा, मुळशी धरणाचं पाणी भीमेच्या खोऱ्यातलं, पण घाट उतरून वीज करतं आणि कोकणात जातं. पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळवायचं, युक्ती एकच.

भीमाकाठी

मुळशीचं नाव काढलंत, आता इथं वेगळा धागा लागेल.

स्पर्धापरीक्षा_सदर_बझार

सर, असे आणखी बोगदे आहेत का तिकडे? उदाहरण म्हणून लिहायला.

भूगोलवाले_सर

उत्तर पेरूत ओल्मोस. डोंगराखालून सुमारे २० किमीचा बोगदा. काही ठिकाणी डोक्यावर २००० मीटर खडक, खणताना दाबानं दगड फुटून उडायचे. २०१४ मध्ये त्याचं पाणी पलीकडच्या वाळवंटात शेतीला पोचलं. द्राक्षं, अ‍ॅव्होकॅडो, आणि मोठ्या क्षेत्रावर ऊस.

कडक_भाकरी

वाळवंटात, २० किमीच्या बोगद्यातून पाणी आणून, ऊस! सर, तिथं कारखान्याची निवडणूक कधी असते ते पण बघून सांगा.